चावी कुणाकडे

बंगळूरला नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या कण्यावर बसलेलं हे शहर. इथलं पाणी चहूकडे उतरून जातं, आपणहून चालत येत मात्र कुठूनच नाही. म्हणून शंभरेक किलोमीटरवरून कावेरीचं पाणी आणतात आणि तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी, तातगुणी अशा तीन मुक्कामांवर ढकलत ढकलत जवळपास ५०० मीटर वर चढवतात. शाळेतल्या सूत्रानं हिशेब केला तर हजार लिटर पाणी एवढं उचलायला सव्वा युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. नळांतलं घर्षण आणि पंपातली तूट धरली की आकडा दोनाच्या घरात जातो. पहिल्या टप्प्याचं पाणी १९७४ साली आलं. पाचव्या टप्प्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, दिवसाला ७७ कोटी ५० लाख लिटरचं. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पंपांचे, नळांचे, हारतुऱ्यांचे फोटो होते. व्हॉल्वचा एकही नव्हता, आणि मला तोच बघायचा होता.

पाणी चढवणं हे पराक्रमाचं काम आहे, कबूल. पण चढवलेलं पाणी प्रत्येक क्षणी परत खाली यायला टपलेलं असतं. पंपघराची वीज गेली की नळात उभा असलेला पाण्याचा सगळा खांब क्षणभर थबकतो आणि मागे फिरतो. तिथे त्याला अडवणारं काही नसेल तर पंप उलटे फिरतील, नळ फुटतील. हे अडवण्याचं काम करतो तो नॉन-रिटर्न व्हॉल्व, बाजारातल्या भाषेत एनआरव्ही. एका बाजूनं ढकललं तर उघडतो, दुसऱ्या बाजूनं ढकललं तर मिटतो. त्याला ना चाक, ना दांडा.

माझं बालपण सांगली जिल्ह्यात गेलं, किर्लोस्करवाडीपासून फार दूर नाही अशा गावात. विहिरीवर इंजिन होतं आणि सक्शन पाइपाच्या तळाशी, पाण्यात बुडालेला, जाळी लावलेला फूट व्हॉल्व होता. गावात सगळे त्याला फुटबॉल म्हणत. तो नीट मिटला नाही की पाइपातलं पाणी रात्रीत विहिरीत उतरून जायचं आणि सकाळी इंजिन नुसतंच धडधडायचं. मग बादल्यांनी पाणी ओतून पाइप भरायचा, ओतणाऱ्यानं ‘फुटबॉल गेला’ म्हणून कुणाला तरी शिव्या द्यायच्या, आणि शेवटी पोहता येणाऱ्या एखाद्याला खाली उतरवायचं. बहुतेक वेळा झडपेखाली एक काडी किंवा खडा अडकलेला असे. एवढ्याशा काडीनं तीन एकर ऊस तहानलेला राहू शकतो, हे ज्ञान मला फार लवकर झालं.

आमच्या बंगळूरच्या इमारतीत तळघरातल्या संपमधून, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून, गच्चीवरच्या टाकीत पाणी जातं. त्या उभ्या नळावर एनआरव्ही आहे आणि त्याच्या अंगावर बाण ओतलेला आहे. बाण पाणी जाण्याच्या दिशेला हवा, हे कुणीही सांगेल. पुढच्या दोन गोष्टी मात्र फारसं कुणी सांगत नाही. झुलत्या पाकळीचा एनआरव्ही उभ्या नळावर चालतो, पण पाणी खालून वर जात असेल तरच; शिवाय त्याची पाकळी पाणी मागे फिरायला लागल्यावर मिटते, म्हणून पंप बंद होताना इमारतीच्या पोटात दण्ण आवाज होतो. स्प्रिंगवाला एनआरव्ही पाणी थांबतंय तोच मिटतो, उलटं फिरायची वाट बघत नाही. दुसरी गोष्ट क्रमाची. आधी पंप, मग एनआरव्ही, आणि त्याच्या पुढे चाकाचा व्हॉल्व. हा क्रम उलटा केला तर एनआरव्ही खोलायच्या दिवशी गच्चीपर्यंतचा सगळा नळ तळघरात रिकामा करावा लागतो. कितीतरी इमारतींत तो उलटाच असतो, कारण बसवणाऱ्याला तो कधी खोलायचा नसतो.

व्हॉल्व निवडणं म्हणजे काय, याचं माझं उत्तर इथूनच सुरू होतं. नळ, तोट्या, शॉवर हे आपण वापरायच्या दिवसासाठी घेतो. व्हॉल्व घ्यायचा तो बिघाडाच्या दिवसासाठी. तो दिवस चार वर्षांनी येईल, मध्यरात्री येईल, आणि फिरवायला हात कुणाचा असेल ते आज ठाऊक नाही. त्या अनोळखी हाताला तो सापडला पाहिजे, हातात मावला पाहिजे, फिरला पाहिजे आणि फिरवल्यावर पाणी खरोखर थांबलं पाहिजे. एवढं होत असेल तर बाकीचे गुण शोभेचे.

सदर पत्रप्पा रोड, म्हणजे सगळ्यांचा एस. पी. रोड, ही या शहराची लोखंड-पितळेची पेठ. पाइप, मोटारी, बेअरिंग, नटबोल्ट, पुढे गेलं की कॉम्प्युटरचे सुटे भाग. तिथल्या एका अरुंद दुकानात काउंटरवर चार व्हॉल्व ओळीनं मांडले जातात आणि मालक म्हणतो, ‘नोडी मॅडम, कै मेले इट्टु नोडी’, हातात घेऊन बघा. वजन बघायचं असतं. पितळ कमी घालूनही व्हॉल्व तसाच चकचकीत दिसतो, पण हाताला फरक कळतो. मग अंगावरचा शिक्का: तांब्याच्या मिश्रधातूंच्या गेट, ग्लोब आणि चेक व्हॉल्वांसाठी आयएस ७७८. यातला बराच माल जालंधरचा. पितळी व्हॉल्व-कॉक ही त्या शहराची जुनी कारागिरी. आणि बॉल व्हॉल्व असेल तर तो उघडा करून दुर्बिणीसारखा डोळ्याला लावायचा. आतलं भोक पाइपाएवढं दिसतं की त्याहून बारीक, हे बघायचं. एक इंची म्हणून विकलेल्या कित्येक व्हॉल्वांचं भोक पाऊण इंचाचं असतं, आणि मग आपण वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही म्हणून टाकीला दोष देतो.

आमच्याकडे येणारा प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. देशभरातले कितीतरी प्लंबर याच एका जिल्ह्यातून येतात. तिथे पट्टामुंडईला सरकारनं प्लंबिंग शिकवणारी संस्थाच काढली आहे. तो हिंदी बोलतो, कन्नड समजतो, आणि माझं मराठी हिंदी त्याला फार विनोदी वाटतं. गेट व्हॉल्व की बॉल व्हॉल्व, या प्रश्नावर त्याचं मत ठाम आहे: ‘दीदी, घरात बॉल, मोठ्या लायनीला गेट. घाई कुठे करायची नाही ते बघा.’

घाईचं हे शास्त्र एका रशियन माणसानं मांडलं. १८९७-९८ च्या सुमारास निकोलाय झुकोव्स्की मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करत होते. वाहतं पाणी एकाएकी अडवलं तर दाबाची एक लाट नळातून ध्वनीच्या वेगानं मागे धावते, आणि ती केवढी मोठी ते पाण्याच्या वेगावर ठरतं, हे त्यांनी दाखवलं. लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी झटक्यात थांबवलं की दाब सुमारे १२ किलोनं उसळतो. दहा मीटर उंचीवरची टाकी खाली फक्त एक किलो दाब देते, हे लक्षात घेतलं की त्या १२ ची जात कळते. प्लॅस्टिकच्या नळात लाट मंद चालते, म्हणून दणका निम्म्याहून कमी. पण सांधे चिकटवलेले असतात, आणि एकदा न तुटलेला सांधा शंभराव्या दणक्याला तुटतो.

बॉल व्हॉल्वचा दांडा पाव वर्तुळ फिरला की काम झालं. स्वयंपाकघरात सिंकखाली पाणी उसळलं तर हेच हवं. दांडा नळाच्या रेषेत असेल तर चालू, आडवा असेल तर बंद. अंधारात हातानं चाचपूनही समजतं, पाहुण्यालाही समजतं. गेट व्हॉल्वमध्ये पितळी पाचर आट्यांवरून हळूहळू खाली उतरते. चाकाचे बरेच फेरे घालावे लागतात, आणि गच्चीवरून आठ-दहा मजले उतरणाऱ्या जाड नळावर तो वेळकाढूपणाच कामाचा. उलट गेट व्हॉल्व चालू आहे की बंद हे बाहेरून दिसत नाही, अर्धवट उघडा ठेवला तर पाचर प्रवाहात थरथरते आणि तिची बैठक झिजते. म्हणजे पाणी कमी करायला तो वापरायचाच नाही. पुरता उघडा नाहीतर पुरता बंद. कमी-जास्त करायला ग्लोब व्हॉल्व, ज्यात पाणी वळण घेऊन खालून वर येतं आणि त्या वळणातच आपला जोर थोडा गमावतं.

आणि आमच्या भागातलं बोअरचं पाणी. जड, क्षारांनी भरलेलं. बॉल व्हॉल्व वर्षानुवर्षं उघडाच राहिला की गोळ्याभोवती चुना बसतो आणि गरजेच्या दिवशी दांडा हलत नाही. कुणीतरी पाना लावून जोर करतं, दांडा हातात येतो, गोळा जागच्या जागी. यावर औषध एकच: दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक व्हॉल्व एकदा मिटून पुन्हा उघडायचा. पैसे लागत नाहीत, म्हणून बहुधा कुणी करत नाही.

बसवण्यातलं कसब बघत राहावं असं असतं. थ्रेड टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायचा, म्हणजे घट्ट करताना तो उलगडत नाही. जुन्या जीआय पाइपावर आमचा प्लंबर अजून सुतळी आणि सफेदाच वापरतो. पाना लावायचा तो आवळायच्या सांध्याजवळच्या षट्कोनावर, दुसऱ्या टोकाला नाही, नाहीतर व्हॉल्वचं अंगच पिळवटतं. प्लॅस्टिकच्या फिटिंगमध्ये पितळी आटे घुसवायचे नाहीत, पितळेत प्लॅस्टिकचे चालतात. निमुळते पितळी आटे आत जाताना प्लॅस्टिकला पाचर मारतात, आणि चीर पडते ती त्या दिवशी नव्हे, पुढच्या उन्हाळ्यात. गेट व्हॉल्वचं डोकं वर ठेवायचं. उलटा टांगला तर गाळ त्याच्या टोपणात साचतो. आणि व्हॉल्वच्या बाजूला युनियन हवीच, म्हणजे पाइप न कापता तो काढता येतो. युनियनचे पैसे वाचवणाऱ्या ठेकेदारांना मी मनातल्या मनात फार कडक शिक्षा दिलेल्या आहेत.

पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट येते: जागा. आमच्या ओळखीच्या एका घरात न्हाणीघराचा मुख्य व्हॉल्व फॉल्स सीलिंगच्या वर होता. उत्तम कंपनीचा, शिक्क्याचा, पुऱ्या भोकाचा. बिल्डरनं वर पांढरी स्वच्छ पीओपी लावली, झाकणसुद्धा ठेवलं नाही, कारण झाकण वाईट दिसतं. गीझरची जोडनळी फुटली तेव्हा घरातल्या दोघा वृद्धांनी गॅलरीतून ओरडून चौकीदाराला बोलावलं आणि त्यानं काठीनं छत फोडलं. तोवर दिवाणखान्यातली लाकडी फरशी फुगली होती. हात पोचत नाही तो व्हॉल्व नसल्यातच जमा. मी कुणाच्या नव्या घरी गेले की आधी दर्शनी भिंतींचं कौतुक करते आणि मग विचारते, पाणी कुठे बंद होतं? निम्म्या घरांत नवरा-बायको एकमेकांकडे बघतात.

रस्त्यावरच्या व्हॉल्वला मात्र हात आहे, आणि तो एका माणसाचा आहे: व्हॉल्वमनचा. तो मोपेडवरून येतो, इंग्रजी टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी घेऊन. रस्त्यातलं चौकोनी झाकण उघडतो, चावी खाली सोडून फिरवतो, आटे मोजतो, निघून जातो. बंगळूरच्या बऱ्याच वस्त्यांत पाणी एक दिवसाआड किंवा त्याहूनही विरळ येतं, तेही काही तास. कधी, ते या माणसाच्या फेरीवर ठरतं. मुंबईत याला चावीवाला म्हणतात. इथे सकाळी कंपाउंडवरून कंपाउंडकडे प्रश्न जातो, ‘नीरु बिट्टिद्दारा?’ पाणी सोडलंय का? सोडणारा कोण ते वाक्यात नसतं; आदरार्थी क्रियापद मात्र असतं.

त्याला यंत्रणेत बसवायचा एक प्रयत्न झाला. नेक्स्टड्रॉप नावाच्या कंपनीनं आधी हुबळीत आणि मग बंगळूरमध्ये अशी सोय केली की व्हॉल्व उघडला की व्हॉल्वमननं फोनवर कळवायचं आणि त्या भागातल्या घरांना संदेश जायचा. कल्पना इतकी सरळ की फसायला जागाच दिसत नाही. पण बंगळूरमध्ये अभ्यासकांनी घरोघर पडताळून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळा संदेश आलाच नव्हता, किंवा आला तो पाण्याशी जुळत नव्हता. सगळी माहिती ज्या एका माणसाच्या हातून येणार होती, त्याच्या दिवसात आधीच पुष्कळ झाकणं, पुष्कळ फोन आणि पुष्कळ ओरडणारी माणसं होती. मला यात त्याचा दोष फारसा दिसत नाही. त्याच्या हातातल्या चावीची किंमत शहरानं कधी नीट ठरवलेलीच नाही.

पूर्वी ठरवलेली असे. म्हैसूर मुलुखातल्या गावतळ्यांना तूबू असायचा: पाण्यात उभे दोन दगडी खांब, मधे आडवी शिळा, तिच्या छिद्रातून खाली गेलेली काठी, आणि काठीच्या टोकाला तळाचं भोक बुजवणारा लाकडी निमुळता दट्ट्या. दट्ट्या थोडा उचलला तर थोडं पाणी, अधिक उचलला तर अधिक. आजच्या ग्लोब व्हॉल्वचं काम याहून वेगळं नाही. तो उचलायचा अधिकार नीरगंटीचा. त्याच्या कामाबद्दल त्याला गावाकडून धान्याचा वाटा मिळे. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड सिंचन-पद्धतीत हेच काम पाटकऱ्याचं. बंगळूरची ती तळी आता शोधावी लागतात. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे, संपंगी तळ्यावर कंठीरवा स्टेडियम.

धुळ्याचं नाव आलं की मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची आठवण येतेच. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, आणि सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं पांझरा नदीत नळाचा सायफन टाकण्याचं. फडाच्या पाटकऱ्यांची ती नदी. पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वतःच्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे बसवले आणि त्यांचं पेटंट घेतलं. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, पूर ओसरला की मिटायचे. रात्री-अपरात्री पुरात माणूस धाडायची गरज नाही. त्यांना बंगळूरला ज्या आदरानं आठवतात त्याच आदरानं पुण्यातही आठवतात, आणि दोन्हीकडे ते आपलेच.

आमच्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व त्याच तत्त्वावर चालतो: पातळी चढली की गोळा वर, दांडा वर, तोंड बंद. वर्षानुवर्षं हे उपकरण गरिबा-श्रीमंतांच्या टाक्यांवर मुकाट काम करतं आहे. पण माझं निरीक्षण असं की आपोआप चालणाऱ्या व्हॉल्वकडे माणसं चढून बघतच नाहीत. गोळ्यात पाणी शिरतं, दांडा गंजतो, आणि टाकी ओसंडून गच्चीच्या भिंतीला हिरवी शेवाळी रेघ उमटते तेव्हा कळतं. शंभर किलोमीटरवरून चढून आलेलं पाणी शेवटच्या दहा सेंटिमीटरवर वाया जातं. म्हणून आपोआप चालणाऱ्या प्रत्येक व्हॉल्वच्या आधी हातानं फिरणारा एक साधा व्हॉल्व हवाच, या मतावर मी अडून बसते.

मार्च २०२४ च्या टंचाईत हे मत आमच्या सोसायटीत एकदम राजकीय झालं. पाणी मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर बंदी घातली, ५,००० रुपये दंड ठेवला, व्यावसायिक इमारतींना तोट्यांवर पाणी वाचवणारे एरेटर सक्तीचे केले. आमच्या सभेत ठराव आला की गच्चीवरचे मुख्य गेट व्हॉल्व अर्धे मिटावेत, आपोआप वापर घटेल. प्लंबरला खास बोलावलं होतं. त्यानं हात जोडून सांगितलं की गेट व्हॉल्व अर्धा ठेवू नका, पाचर खाऊन जाईल, आणि ज्या दिवशी खरंच बंद करायचा असेल त्या दिवशी मिटणार नाही. शिवाय दाब कमी झाला की वरच्या मजल्यावर पाणी जाणारच नाही आणि खालच्यांचं काही अडणार नाही. दाबच उतरवायचा तर खालच्या मजल्यांच्या नळांवर प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व बसवा, त्याच्या आधी गाळणी, पुढेमागे दाबाचे मीटर, बाजूनं वळसा-नळी. खर्च ऐकून सभा शांत झाली. शेवटी एरेटर आले, आणि ते चांगलं झालं.

त्याच सभेत मी प्रत्येक व्हॉल्वला पत्र्याचा बिल्ला लावावा, कुठला नळ कुणाच्या घरी जातो ते त्यावर लिहावं, आणि तीन महिन्यांनी सगळे एकदा फिरवावेत असं सुचवलं. बिल्ले लागले. फिरवण्याचं काम चौकीदारावर सोपवलं, पण चौकीदार पुरवणारी एजन्सी बदलते आणि नव्या माणसाला कुठलं चाक काय हे पुन्हा सांगावं लागतं. दरम्यान कुणीतरी मध्यरात्री वरचा एक व्हॉल्व मिटून ठेवला, का ते अजून उघड झालेलं नाही. त्यावर सेक्रेटरींनी चाकांना साखळी आणि कुलूप घालायचा उपाय काढला. मी विरोध केला, नळ फुटल्यावर चावी शोधत बसायचं का म्हणून. बहुमत विरुद्ध गेलं. साखळी एस. पी. रोडवरून आली आहे, कुलूपही चांगलं भक्कम आहे. चावी कुणाकडे ठेवायची हा विषय पुढच्या सभेच्या यादीत पाचवा आहे, पार्किंगच्या खाली.